मागच्या चाकाची जाळी

अगं ये इकडे, अशी जवळ बस. तू तिकडे घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर आणि मी इथे डोंबिवलीत, म्हणून कागदावर का होईना, पण बस. रागावलेय मी. आजी रागावली की हसायचं, असं तुझं लहानपणापासून ठरलेलं आहे. आज हसू नकोस.

गेल्या रविवारी तुम्ही दोघं जेवून निघालात. तुझ्या नवऱ्याने त्याच्या वडिलांची जुनी मोटारसायकल रंग देऊन रस्त्यावर काढलीय. छान दिसते, मी नाही कुठे म्हणते. मी गॅलरीत उभी होते. तू त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलीस, आणि तुझी ती पिवळी ओढणी मागे लोंबत होती. चाकापासून चार बोटांवर. आणि चाकावर झाकायला काही म्हणजे काही नाही, नुसत्या तारा. मी वरून ओरडले, "ओढणी, ओढणी बघ." तू वर बघून हात हलवलास. तुला वाटलं, आजी टाटा करतेय.

तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात आणि मी तशीच उभी राहिले. तू पोचल्याचा फोन केलास तोवर मागची भांडी तशीच पडलेली. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "आजी, गार्ड त्याने मुद्दाम काढलंय, लूक जातो गाडीचा. काही होत नाही गं."

काही होत नाही. हेच वाक्य मागच्या जानेवारीत आमच्या घरात बोललं गेलं, तुझ्या मामाच्या तोंडून. पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. आता मी सांगते, माझं जे चुकलं त्यासकट सांगते.

आपली मोटारसायकल तुला माहितीय. आजोबांची. तुझी आई तिसरीत होती तेव्हा घेतलेली. आजोबा गेले आणि गाडी मामाकडे आली, तो तिच्यावरूनच कामाला जातो. तिच्या मागच्या चाकाला डाव्या अंगाला, म्हणजे बायका पाय सोडून बसतात त्या बाजूला, सळईची एक चौकट होती आणि चौकटीत जाळी. खाली पाय ठेवायला पट्टी. साडीचा पदर नाहीतर घोळ चाकात जाऊ नये म्हणून. नावच साडीगार्ड. मी आजोबांना म्हणायचे, अख्ख्या गाडीत आमचा विचार करून लावलेली ही एवढीच वस्तू आहे. ते म्हणायचे, "म्हणून तर तीच पुसायला तुला दिलीय." खरंच, दसऱ्याला गाडी धुवायची, तिला झेंडूची माळ घालायची, तेव्हा गार्ड काढून माझ्याकडे यायचं. मी रॉकेलच्या बोळ्याने एकेक सळई पुसायचे, मग ते काळा रंग लावायचे. वर्षानुवर्षं.

त्या जानेवारीच्या आधीच्या दसऱ्याला मामाने गार्ड काढलं, मी पुसलं, पण काळा रंग संपलेला. आणतो आणतो करत राहिलं. गार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीत ठेवलं. त्याच कोपऱ्यात जुन्या टेबलफॅनची जाळी, तीही वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दिवाळी आली. तुला आमची दिवाळीची सफाई ठाऊक आहे. धनत्रयोदशीच्या आत मोडकं-तोडकं घराबाहेर गेलंच पाहिजे, हे माझ्या सासूबाईंनी मला लावलेलं वळण. भंगारवाला खाली ओरडत होता. मी गॅलरीतली दोन्ही पुडकी, फुटकी बादली, स्टोव्ह, सगळं एकदम देऊन टाकलं. पुडकं उघडून बघितलं नाही. जाळी हाताला लागली, म्हटलं फॅनची आहे, आणि दुसरी पण फॅनचीच. फॅनला दोन जाळ्या असतात ना, पुढची आणि मागची.

मागची जाळी मला नंतर माळ्यावर सापडली. तेव्हा कळलं.

चार दिवसांनी मामाने विचारलं, "आई, गार्ड कुठे ठेवलंस?" मी म्हटलं, "असेल माळ्यावर." का म्हटलं असं? आता सांगता येत नाही. आजोबांनी रंगवलेलं होतं ते. भंगारात घातलं म्हणायला जीभ वळली नाही. तो दोनदा माळ्यावर चढला, मग कामात विसरला. मामी रोज ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायची, त्यामुळे गार्ड नाही याने कुणाचं काही अडत नव्हतं. माझीही समजूत तशीच झाली.

मग संक्रांत आली.

मामी कल्याणला शाळेत शिकवते. तिच्या एका मैत्रिणीकडे गुरुवारी संध्याकाळी हळदीकुंकू होतं. मामीने माझी काळी चंद्रकळा नेसली, पदर खांद्याला तीन पिना लावून घट्ट बसवला. मामाने नेलं आणि आणलं. आल्यावर ती साडी बदलून लगेच पोळ्यांना लागली. मी साडीची घडी घालायला घेतली तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. दिव्याखाली हात धरला तर ग्रीस. काळ्या साडीवर काळं ग्रीस दिसत नाही, हाताला लागतं. पदर उलगडला. टोकाचे गोंडे नव्हतेच, आणि त्याच्यावर वीतभर कापड कुणी चावून काढल्यासारखं. खांद्याजवळ पिनांच्या जागी तीन भोकं, एकेक बोट मावेल एवढी.

मी स्वयंपाकघरात गेले. ती तव्याकडे बघत उभी.

"काय झालं गं वाटेत?"

"काही नाही, आई. पदर जरा लागला चाकाला."

"जरा?"

तिने गॅस बारीक केला. मामा बाहेर टीव्ही लावून बसलेला. मग हळू आवाजात म्हणाली, "पत्री पुलाच्या अलीकडे. मला वाटलं कुणीतरी मागून ओढतंय. मी मागे वळले तर पदर दिसेचना. पिना लावलेल्या, त्यामुळे खांद्यावरून सुटेना, गळ्याशी आवळत गेला. मी ह्यांच्या पाठीवर बुक्के मारले. ट्रॅफिक होतं म्हणून गाडी हळू होती."

तिने गाऊनची कॉलर बाजूला केली. मानेपासून खांद्यापर्यंत लाल पट्टा उठलेला, दोरी घासल्यासारखा.

"त्याला दाखवलंस?"

"त्यांना वाटतंय नुसता अडकला आणि त्यांनी सोडवला. तुम्ही पण सांगू नका. गाडीच बंद करतील."

"करू दे की बंद."

"आई," ती म्हणाली, "सकाळी सहा ते सव्वासहा ही गाडी असते म्हणून आम्ही दोघं काहीतरी बोलतो. बाकी दिवसभर कोण कुणाला भेटतंय?"

मग तिने उरलेलं सांगितलं. सोमवारपासून शाळेचं स्नेहसंमेलन. आठवडाभर सगळ्या बाईंनी साडीच नेसायची, असा मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम. आणि शाळा कल्याण स्टेशनपासून इतकी आत की सकाळी त्या वेळेला शेअर रिक्षा मिळत नाही.

म्हणजे सोमवारी सकाळी सहाला ती साडी नेसून ह्याच चाकाशेजारी बसणार. आणि जाळी भंगारात मी घातलेली. गुरुवारची रात्रीची जेवणं झाली, मी शुक्रवार, शनिवार, रविवार बोटांवर मोजले.

शुक्रवारी दोघं गेल्यावर मी कुलूप लावून निघाले. इथल्या बाजारात एक स्पेअरपार्टचं मोठं दुकान आहे. दुकानदार तिशीचा असेल.

"बोला आजी."

मी गाडीचं नाव सांगितलं, साडीगार्ड पाहिजे म्हटलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. "ती गाडी बंद होऊन जमाना झाला. चालवतं कोण, तुम्ही?"

"मी चालवत असते तर गार्ड कशाला मागितलं असतं? मागे बसणाऱ्याला लागतं ते."

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदार म्हणाला, "आजी, गार्ड आता कोण मागतंय? पोरं नव्या गाडीची काढून इथेच टाकून जातात." त्याने कोपऱ्यातून एक ओढून काढलं, धूळ झटकली. "हे दुसऱ्या गाडीचं आहे."

"आमच्या गाडीला बसेल?"

"बसवलं तर बसेल."

या वाक्यावरच मी परत फिरायला हवं होतं. पण हातात काहीतरी घेऊन घरी जाता येतंय याचाच मला इतका आनंद झाला की ते पिशवीत घालून आणलं.

संध्याकाळी मामा खाली पार्किंगमध्ये खटपट करत बसला. मी बाजूला उभी. आपल्या गाडीला भोकं एकीकडे, गार्डला दुसरीकडे. वरचा बोल्ट कसाबसा लागला, खालचा दोन बोटं लांब.

"आई, जुनं कुठे गेलं असेल गं? मी माळा अख्खा पालथा घातला."

"हे बसतंय का ते बघ आधी."

त्याने खालचं टोक बाइंडिंग वायरने आवळलं, चार वेढे घेतले, पक्कडीने पिळलं. हात झटकत म्हणाला, "तात्पुरतं झालं. काही होत नाही."

मी गार्ड हलवून बघितलं. हलत होतं. "हे हलतंय रे."

"तू हलवतेयस म्हणून हलतंय."

शनिवारी तो एकटाच गाडी घेऊन गेला, अर्धा दिवस होता. मामीला सुट्टी. दुपारी दोनच्या सुमाराला मी गॅलरीत कपडे काढत होते, तर खाली तो गाडी ढकलत येताना दिसला. चालवत नाही, ढकलत. पँट गुडघ्यावर फाटलेली. मी कपडे तिथेच टाकले आणि जिना उतरले. माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी दुखायची आठवण राहिली नाही.

झालं होतं असं. कल्याण रोडला खड्ड्यात गाडी आदळली, वायर तुटली, गार्डचं खालचं टोक आत फिरलं आणि चाकात घुसलं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडी घसरत गेली. मागे टेम्पो होता.

"किती मागे?" मामीने विचारलं. ती माझ्या पाठोपाठ आलेली.

"थांबला ना तो वेळेवर."

"किती मागे होता?"

मामा कोपर धूत बसला, तिथे पार्किंगच्या नळावर. चाकाच्या चार तारा वाकलेल्या, आणि ते मी आणलेलं गार्ड दुमडून हातरुमालासारखं झालेलं.

मामी म्हणाली, "सोमवारी मागे मी असते."

वर आलो. मी त्याच्या कोपराला हळद दाबत होते आणि तो परत तेच म्हणाला, "मूळचं गार्ड असतं तर ही वेळ आली नसती. जातंय कुठे पण?"

मी सांगून टाकलं. हळदीची बोटं तशीच. म्हटलं, "दिवाळीत भंगारवाल्याला दिलं मी. फॅनची जाळी समजून. आणि मला कळल्यावरही तुला माळ्यावर चढू दिलं."

त्याने कोपर माझ्या हातातून काढून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "बाबांनी रंगवलेलं ते."

"ठाऊक आहे मला."

"तीन महिने, आई."

हे तीन महिने त्याने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी विसरणार नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण इतक्यात मामी पुढे आली, म्हणाली, "एकट्या आईंना नका बोलू. मी पण लपवलंय," आणि तिने त्याला मान दाखवली. पट्टा आता निळा-काळा पडलेला. त्याने बघितलं. हात पुढे केला आणि लावला नाही, तसाच मागे घेतला.

"सोमवारी रिक्षाने जा," म्हणाला.

"सकाळी सहाला कुठली रिक्षा? मी बसणार. पदर कमरेला गुंडाळून बसेन."

"आणि सुटला तर?"



संध्याकाळी तो चाक घेऊन मेकॅनिककडे गेला, तारा बदलून आणल्या. मेकॅनिकने सांगितलं की विठ्ठलवाडीला एक ग्रिलवाला आहे. खिडक्यांचे ग्रिल करतो, पण जुन्या गाड्यांची कामंही हातावर घेतो, आणि रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असतं. मामाने येऊन हे माझ्याकडे न बघता सांगितलं.

रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते तर तो दारात चपला घालून उभा. "चल. गार्ड कसं होतं ते तुझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही." बोलला, म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला. पण गाडीवर त्याने कुणाला घेतलं नाही. तो पुढे मोटारसायकलवर आणि मी आणि मामी मागे रिक्षात. वाटभर मला समोर ते उघडं चाक दिसत होतं आणि त्याच्या वरची रिकामी सीट.

ग्रिलवाला पन्नाशीचा, तोंडात सुपारी. गाडीभोवती एक फेरी मारली. "नमुना आणा. जुनं गार्ड."

"नाही आहे," मामा म्हणाला.

"फोटो?"

फोटोही नव्हता. गाडीचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळे उजव्या बाजूने. आणि गार्ड डावीकडे.

"मग मी काय स्वप्नात बघून करू?" तो म्हणाला. "मावशी, वीतभर इकडेतिकडे झालं तर काय होतं ते ह्यांच्या कोपरावर दिसतंय मला."

त्याच्या पायाशी तो लोखंडावर खुणा करायचा खडू पडला होता. मी उचलला. म्हटलं, "जरा बाजूला व्हा, फरशी मोकळी करा."

मी खाली बसले आणि आधी ठिपके दिले. रांगोळीला देते तसे. डोळे मिटले की हाताला सळई लागत होती गं. वर सीटखाली बोल्ट, तिथून सळई बाहेर फुगून खाली उतरायची, हाताची वीत आणि वर चार बोटं. मागे गोलाई, कारण पुसताना तिथे बोळा फिरवावा लागायचा. मध्ये सात उभ्या सळया, सहावीला खोच होती, तिथे दर वर्षी माझं बोट खरचटायचं. खाली पट्टी, माझ्या पावलाएवढी. मी चप्पल काढून पाऊल ठेवून दाखवलं. दोन ठिकाणी पुसून परत काढलं.

ग्रिलवाल्याने सुपारी थुंकली आणि टेप लावून खडूची रेघ मोजायला लागला. गाडीचे बोल्ट मोजले, परत रेघ मोजली. मग मामाला म्हणाला, "बोल्टाला बोल्ट लागतोय. आईचा हात बरा आहे तुझ्या."

मामा फरशीकडे बघत होता.

काम सुरू झालं. अर्धी चौकट झाली आणि लाइट गेली. साडेअकरा वाजलेले. ग्रिलवाला स्टुलावर बसला. "येईल. नाही आली तर उद्या या."

"उद्या सहाला मला निघायचंय," मामी म्हणाली.

"बाई, लाइट माझ्या घरची नाही."

बसलो. बारा वाजले. पाऊण वाजला. मामी सारखी मानेला हात लावत होती, तिला कळतही नव्हतं लावतेय ते. शेजारची दोन दुकानं बंद झाली. मी त्याला म्हटलं, दुकान बंद करू नका, जेवायचं असेल तर मी डबा आणलाय. तिळाच्या पोळ्या होत्या. त्याने दोन खाल्ल्या आणि म्हणाला, "आता बंद कसं करू?" तिथे पहिल्यांदा मामा हसला. दीडला पंखा फिरला.

तीनपर्यंत गार्ड तयार झालं. नवं लोखंड, अजून रंग नाही, पण आकार तोच. बोल्टावर बसलं. मला वाटलं संपलं. पण ग्रिलवाला म्हणाला, "घाई नको. रिकाम्या गाडीवर बरोबर दिसतं. माणसं बसली की गाडी खाली दबते आणि चाक वर येतं. बसा दोघं."

मामा पुढे बसला आणि मागे मला बसवलं. आजोबा गेल्यापासून मी त्या सीटवर बसले नव्हते. पाय आपोआप पट्टीवर गेला. ग्रिलवाल्याने चाक आणि गार्डमध्ये बोट घालून बघितलं. "एक बोट राहतंय. ठीक आहे. आता चाक फिरवून बघू. साडी कुणाची आहे?"

साडी फक्त मी नेसलेली. मामी ड्रेसमध्ये. मी उतरले, पदराची पिन काढायला लागले, तर तिने माझा हात धरला. "तुम्ही नाही, आई." आणि गळ्यातली ओढणी काढली. तांबडी, तिच्या आईने दिलेली.

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. मामाने गिअर टाकला. तारा दिसेनाशा झाल्या. ग्रिलवाला म्हणाला, "दोन बोटांत धरा, हाताला गुंडाळू नका. ओढलं तर सोडून द्या. सोडाच."

मामीने ओढणी जाळीवर सोडली. जाळीला घासत राहिली, आत जाईना. मधे, वर, मागे, कुठेच जाईना. मी श्वास सोडला. मग तिने टोक खाली नेलं, पट्टी आणि चौकटीच्या मधे जिथे तीन बोटांची फट राहिली होती, तिथे.

ओढणी गेली. मी बघत होते आणि मला दिसलं नाही. हातात होती आणि नाही. चाकाने घरघर केली, तांबडं काहीतरी गरगरलं, आणि मामाने इंजिन बंद करेपर्यंत अख्खी ओढणी तारांभोवती दोरखंडासारखी आवळून बसलेली. मामीची दोन बोटं तशीच हवेत.

रस्त्यावरची रिक्षा तेवढी ऐकू येत होती.

मग मामा खाली बसला आणि ब्लेडने ओढणी कापून काढायला लागला. बराच वेळ लागला. एकेक वेढा कापताना तो तिच्या मानेकडे बघायचा आणि परत चाकाकडे. शेवटी एक तुकडा हातात घेऊन म्हणाला, "नुसता अडकला म्हणालो होतो मी."

मी खडूचं चित्र बघत होते. खाली जिथे फट राहिली, तिथे आजोबांनी एक आडवी सळई लावून घेतली होती, नंतर कधीतरी. कंपनीची नव्हे, त्यांची. तुझी आई लहान असताना माझा परकर तिथे अडकला होता, तेव्हा. ती सळई मी पुसायचे आणि चित्रात विसरले. सांगितलं ग्रिलवाल्याला. तो म्हणाला, "मावशी, हे पहिल्यांदा सांगायचं." मी म्हटलं, "आता सांगतेय ना."

सळई लागली. ओढणीचा उरलेला तुकडा घेऊन मामीने परत खाली सोडला. या वेळी गिअर टाकून मामाने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं होतं. चाक फिरलं. तुकडा जाळीवर फडफडला, खाली गेला, आडव्या सळईला घासला आणि बाहेरच राहिला. ग्रिलवाल्याने दहा वेळा करायला लावलं. मी अकराव्यांदा करायला लावलं.

सोमवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. मामी निळी साडी नेसून मागे बसली, पदर पुढे घेऊन कमरेला खोचला, आणि तरीही मामाने उतरून एकदा खालची सळई हलवून बघितली. हलली नाही. मग निघाले. वळणावर तो काहीतरी बोलला आणि ती हसली, पाठीवरून दिसलं मला. शाळेत पोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत मात्र मी चहा घेतला नाही. तो आठवडाभर रोज असंच.

मामाने मला भंगाराबद्दल पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. दसऱ्याला त्याने गार्ड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि काळ्या रंगाचा डबा आधीच आणून ठेवला होता. गॅलरीत कागदात गुंडाळून ठेवायची वेळच येऊ दिली नाही.

ओढणीचा तो तुकडा माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली. तू म्हणतेस ना काही होत नाही, तो हातात घेऊन बघ, त्याला पीळ पडलाय तो अजून सुटलेला नाही. इस्त्रीनेही सुटत नाही, मी करून पाहिलं.

ग्रिलवाल्याशी मामा परवाच बोललाय. तुमच्या गाडीचं नाव त्याला सांगितलं, तर म्हणाला, नमुना नसला तरी चालेल, गाडी समोर पाहिजे आणि मावशी पाहिजेत. तेव्हा येत्या रविवारी या दोघं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, लूकचं आपण जेवताना बोलू, आणि तिळाच्या पोळ्या त्याला आवडतात त्या करते. गाडीवरूनच या, कारण माप तिचं घ्यायचंय. पण दोन्हीकडे पाय टाकून बस, आणि ओढणी घरी ठेवून ये. मी सकाळपासून गॅलरीतच असेन, लवकर या.